दुपारचे दोन तास

मिरचीच्या दुसऱ्या तोड्याच्या दिवशी बाया आल्याच नाहीत.

चारुता सकाळी सातपासून बांधावर उभी राहून रस्त्याकडे बघत होती. दरवर्षी पाड्यांवरून येणारा टेम्पो वाणगावच्या फाट्यावर बाया उतरवायचा आणि त्यांतल्या सहा जणी नेमाने त्यांच्या शेतात यायच्या. यंदा तो टेम्पो न थांबता पुढे गेला. पुढच्या बाजूला मोठमोठी शेडनेटं उभी राहिली होती. तिथे डोक्यावर सावली होती आणि हंगामभर काम होतं. उघड्या रानात वाकून मिरची तोडायला आता कोण येणार?

मिरची थांबत नाही. चार दिवस उशीर झाला की झाडावरच लाल पडते, आणि हिरवी मिरची मागणारा व्यापारी तिच्याकडे बघतही नाही. शिवाय जुनी फळं अंगावर असली की झाड नवं फूल धरत नाही. पाऊण एकर ज्वाला मिरची उभी होती. नवरा नीलेश तारापूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, पहाटेच घराबाहेर पडलेला.

चारुता घरी आली, जुना शर्ट साडीवर चढवला आणि डोक्याला फडकं बांधलं.

"आई, मलाच उतरायला लागल."

"उतर ना. मी हाय घरी," तिची सासू गोजराबाई म्हणाली.

"तानीचा काय? तिचे दोन तास?"

गोजराबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मी करीन."

दोन तासांचं प्रकरण असं होतं. तानी साडेतीन वर्षांची. जन्मापासून तिचा उजवा हात कोपरात दुमडून छातीशी असायचा, मूठ बंद, अंगठा मुठीच्या आत. आईच्या पोटात असतानाच मेंदूच्या एका छोट्या भागाला रक्त मिळालं नव्हतं, असं डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं. हात मेलेला नव्हता. पण डावा हात सगळं करत असल्यामुळे उजव्याला काही करायची वेळच येत नव्हती, आणि न वापरलेला हात मेंदू हळूहळू विसरत जातो. म्हणून बोईसरच्या केंद्रातल्या स्वाती मॅडमने उपाय सांगितला होता. रोज दुपारी दोन तास तानीचा चांगला, डावा हात जाड मोज्यात घालून मनगटाशी नाडीने बांधायचा. मग खेळ, खाणं, दार उघडणं, सगळं उजव्याने. सहा आठवडे.

पहिले दहा दिवस चारुताने ते केलं होतं. तानी रडायची, जमिनीवर लोळायची, मोजा भिंतीवर आपटायची. चारुता तिच्यासमोर कुरमुऱ्यांची वाटी ठेवून बसून राहायची. दहाव्या दिवशी अंगठा मुठीतून थोडा बाहेर आला होता आणि तानीने एक कुरमुरा तोंडापर्यंत नेला होता. त्या दिवशी चारुता शेजारीपाजारी सांगत फिरली होती.

आता मिरची तोडल्यावर तिला मुलीला हात लावता येणार नव्हता. मिरचीचे हात साबणाने धुऊन जात नाहीत. गेल्या वर्षी एकदा तिने शेतातून येऊन तानीचं नाक पुसलं होतं आणि पोर तासभर किंचाळत राहिली होती.

दुपारी दोनला जेवून पुन्हा शेतात निघताना चारुता दारात उभी राहिली आणि तिच्यासमोर गोजराबाईने मोजा घातला, नाडी बांधली, वाटी पुढे ठेवली. "आई, ती किती रडली तरी सोडू नका हां. मॅडमनी काय सांगला ते माहीत हाय ना?"

"माहीत हाय गो बाय. तू जा."

चारुता विहिरीपलीकडे गेली. तानीने हात आपटायला सुरुवात केली. "आजी, सोड! आजी, सोड ना!" तिचा चेहरा लाल झाला, नाकातून पाणी आलं. ते पुसायला तिने हात उचलला तर हाताच्या जागी तो बोथट गोळा. तिने तो तोंडावर घासला आणि आणखीच रडली.

गोजराबाई हे रडणं ओळखत होती.

ती पाच वर्षांची असताना तिच्या बापाच्या लक्षात आलं होतं की पोर डाव्या हाताने जेवते. देवाला फूलही डाव्याच हाताने वाहते. बापाने सुताची दोरी घेतली आणि तिचं डावं मनगट कमरेच्या करदोट्याला बांधून टाकलं. जेवताना, पूजेला, पाहुणे आले की बांधलेलंच. एकदा परकराची गाठ उजव्या हाताने सुटेना आणि ती पाहुण्यांसमोर ओटीवर ओली झाली. सगळे हसले. दोन वर्षांनी दोरी सुटली. गोजराबाई उजव्याने जेवायला शिकली, हळदीकुंकू उजव्याने लावायला शिकली. पण रानात एकटी असली की तिचा विळा आजही डाव्या हातात यायचा.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

मॅडम काय म्हणाल्या ते तिने ऐकलं होतं. मेंदू, रक्त, सवय, सगळं. पण आत कुठेतरी तिला एवढंच कळलं होतं की पोर डाव्या हाताने खाते म्हणून तिचा डावा हात बांधतात. आणि हिला तर देवाने एकच धड हात दिलेला. तोही बांधायचा?

तिने नाडी सोडली. तानी तिच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी गोजराबाईने ठरवलं होतं की निदान अर्धा तास तरी ठेवू. दहा मिनिटं ठेवला. तिसऱ्या दिवशी चारुता विहिरीपलीकडे जाताच सोडला. मग ती पोरीला मांडीवर घ्यायची, भात कालवून भरवायची, उजव्या हाताला खोबरेल तेल लावून हलकेच चोळायची. चोळल्याने मूठ जरा सैल पडायची. हेही औषधच की, ती मनात म्हणायची.

चारुता चारला यायची. पाठ वाकलेली, डोळे लाल, बोटं जळणारी. ताकाच्या भांड्यात हात बुडवून ती लांबूनच विचारायची, "झाले दोन तास?"

"झाले."

"रडली?"

"थोडी. आता सवय होते तिला."

पहिल्या आठवड्यात गोजराबाई फाटकाचा आवाज आला की घाईघाईने मोजा चढवायची. दुसऱ्या आठवड्यात त्याची गरज उरली नाही. फाटक वाजलं की तानीच मोजा शोधून आणायची, आजीसमोर डावा हात धरायची आणि हळू आवाजात म्हणायची, "आजी, मोजा. आई आली." गोजराबाईला पहिल्यांदा त्याचं हसू आलं. नंतर येईनासं झालं. पण तिने पोरीला कधी रागावून सांगितलं नाही की असं करू नये. काय म्हणून सांगणार?

बुधवारी केंद्रात जायचं असायचं. तोडा चालू असल्यामुळे गोजराबाईच तानीला घेऊन रिक्षाने बोईसरला जायची. तिथे बाकावर तिला सुगंधा भेटायची. ती मूळची जालन्याकडची, राहायला बेटेगावात, नवरा कंपनीत. तिच्या भाग्येशचाही उजवा हात तानीसारखाच. दोघांचा उपाय एकाच आठवड्यात सुरू झाला होता.

"आजी, तुमची पोरगी लई गुणाची बघा," सुगंधा म्हणाली. "मोजा घालून गप बसती. आमच्या ह्यानं दातानं दोन मोजे फाडले. मी पुन्हा शिवले तर तिसऱ्याला माझंच बोट चावला."

"मंग तू काय करते?"

"काय करू? मोरीत जाऊन नळ सोडते मोठ्ठा. त्याचं रडणं ऐकू आलं तर माझ्यानं ऱ्हावत नाही. दहा मिन्टं मी पण रडून घेते. मग तोंड धुते अन् बाहेर येऊन म्हणते, चल रे राजा, गाडी ढकल." ती हसली. "शेजारीण म्हणती, सुगंधा, तू सावत्र आई हायेस का काय?"

गोजराबाईही हसली. पण रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, काय बाई ही. पोरगं रडतंय आणि ही नळ सोडते.

तोडे होत राहिले. तिसरा, चौथा. शेजारच्या दोघी जणी कामाला काम म्हणून पैऱ्याने यायच्या, त्यांच्या रानात चारुता जायची. तिचं वजन उतरलं. नीलेश पाळीवरून आला की क्रेट रस्त्यापर्यंत वाहायचा आणि जेवताना बसल्या बसल्या पेंगायचा. घरात सगळे एकाच दिवसाची वाट बघत होते, सहा आठवडे पूर्ण होण्याची.

त्या बुधवारी चारुता स्वतः आली. तिने आदल्या दिवशीच शेतात जायचं टाळलं होतं. हात दोनदा तेलाने आणि तीनदा साबणाने धुतले होते, कारण आज तिला तानीला मांडीवर घ्यायचं होतं.

टेबलावर लाकडी पेटी होती, मधे फळी. एका बाजूला ठोकळे. एका मिनिटात उजव्या हाताने किती ठोकळे फळीपलीकडे जातात ते मोजायचं. आधी भाग्येश बसला. सहा आठवड्यांपूर्वी त्याचे पाच गेले होते. आज तो जीभ बाहेर काढून एकेक ठोकळा उचलत होता. एक पडला तसा तो स्वतःच खिदळला. सोळा झाले. सुगंधाने पदराने डोळे पुसले आणि कुणाला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

मग तानी. मोजा चढवल्यावर ती शहाण्यासारखी बसली. उजवा हात पुढे आला, ठोकळ्यांवर नुसता पडून राहिला. मूठ उघडेना. तिने मनगटाने दोन ठोकळे ढकलले, तिसरा कसाबसा बोटांच्या सांध्यात अडकवला. चौथा निसटला.

"पुन्हा करू या हं, तानी," स्वाती म्हणाली. तिने फोनवरची वेळ पुन्हा लावली. पुन्हा तीनच.

स्वातीने जुना कागद काढला. "पहिल्या दिवशी तीन होते. दहा दिवसांनी पाच झाले होते, अंगठाही बाहेर येत होता. आज परत तीन." तिने गोजराबाईकडे पाहिलं. "आजी, रोज दोन तास होतायत ना नक्की?"

चारुताही वळून बघत होती.

"होतात ना," गोजराबाई म्हणाली.

"म्हणजे चौऱ्यांशी तास झाले." स्वाती पेन्सिल हातात फिरवत राहिली. "एवढ्या तासांत काहीतरी हलायला हवं होतं. ताई, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. काही मुलांमध्ये फोटोत दिसते त्यापेक्षा इजा मोठी असते. हाताला निरोप नेणारी वाटच फारशी शिल्लक नसते. तसं असेल तर तिला रोज रडवण्यात अर्थ नाही. आपण हात आखडू नये म्हणून पट्टी देऊ, आणि एका हाताने सगळं कसं करायचं ते शिकवू."

"म्हंजे हे बंद?" चारुताने विचारलं.

"हे बंद करू. तिची बुधवारची जागा मी पुढच्या मुलाला देते. यादीत बावीस जण आहेत."

परतताना रिक्षात तानी आईच्या मांडीवर होती. चारुता तिचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून बसली होती, बाजारातून आणलेली नाजूक वस्तू धरावी तशी.

संध्याकाळी नीलेश चहा घेत होता. चारुता चुलीसमोर बसून, कुणी न विचारताच बोलायला लागली.

"सातव्या महिन्यात मी फवारणी केली. पाठीला पंप लावून."

"तवाच सांगला होता तुला," नीलेश म्हणाला.

"मजूर नव्हते. तुमी पाळीला."

"मंग कशाला सांगते आता?"

"तिच्या डोक्यात काय शिल्लकच नाय, तर ते कुणामुळं? माज्या पोटात होती ना ती."

फवारणीचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं. आशा होती तोवर ते पटलंही होतं. आता ते कुणाला आठवत नव्हतं. नीलेशने कप खाली ठेवला आणि क्रेट मोजायला बाहेर गेला. चारुता कोरड्या डोळ्यांनी भाकरी थापत राहिली. ओटीवर बसलेल्या गोजराबाईला प्रत्येक थापेचा आवाज ऐकू येत होता.

तीन दिवस गोजराबाई बोलायला तोंड उघडायची आणि पाणी मागायची.

चौथ्या दिवशी नीलेशला सुट्टी होती. दुपारी तिघं अंगणात ताडपत्रीवर मिरची निवडत बसले होते. लाल पडलेली वेगळी, वाकडी वेगळी. चारुताला आजकाल हातातली मिरची कुठे टाकायची तेच सुचत नव्हतं. तिने लाल मिरच्या हिरव्यांत टाकल्या.

"मी बांदलाच नाय," गोजराबाई म्हणाली.

"काय बांदला नाय?" नीलेशने विचारलं.

"मोजा. ही विहिरीपलीकडं गेली का मी सोडायची."

चारुताचे हात चालू होते. "किती दिवस?"

"सगले दिवस."

"रोज मी यायची तवा मोजा घातलेला असायचा."

"तीच आणून द्यायची. फाटक वाजला की." गोजराबाईने हातातली मिरची ढिगावर टाकली. "मी नाय शिकवला तिला. तीच शिकली."

आता चारुताचे हात थांबले. ती सासूकडे बघत राहिली. मग उठली, हात न धुता घराकडे गेली, आणि दाराशी पोचल्यावर हातांकडे बघून तिथेच उभी राहिली. आत तानी झोपली होती.

"आये, तुला कळला नव्हता काय?" नीलेश म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मॅडमनी इतका समजावून सांगला. आमाला एकदा बोलायचा होता. नाय जमत मना, इतकाच बोलायचा होता. आमी काय तरी केला असता."

मग गोजराबाईने सांगितलं. बाप, सुताची दोरी, करदोटा, ओटीवरचे पाहुणे. सांगताना ती डाव्या मनगटाला उजव्या हाताने धरून बसली होती. नीलेश ऐकत होता. पस्तीस वर्षांत त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने एक मिरची उचलली, देठ मोडला, पुन्हा खाली टाकली.

"तुजे दोनी हात चांगले होते, आये," तो म्हणाला.

साठ वर्षं गोजराबाईने ती दोरी मनात बाळगली होती, पण हा एवढा साधा फरक तिच्या लक्षात आला नव्हता.

सोमवारी ती एकटीच बोईसरला गेली. केंद्रात गर्दी होती. स्वातीला मोकळा वेळ मिळेपर्यंत ती बाकावर बसली. बुधवार नव्हता, त्यामुळे सुगंधा नव्हती. नसल्याचं तिला बरं वाटलं.

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. स्वातीने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी तिने कपाटातून तानीचा कागद काढला आणि उपाय बंद करण्याबद्दल लिहिलेल्या शेवटच्या दोन ओळींवर रेघ मारली.

"मी घरी येऊन बघायला हवं होतं," ती म्हणाली. "मूल इतकं शांत बसतंय म्हणजे सवय झाली, असं मी समजले. मला शंका यायला हवी होती."

"तुमचा काय चुकला नाय. जागा परत मिळल?"

"ती बुधवारीच दिली, आजी. त्या मुलाचं घरी सुरूही झालं. आता जूनमध्ये. तोवर घरी करा, पंधरा दिवसांतून एकदा मी बघून देईन. पण आता कठीण जाईल. रडलं की मोजा सुटतो, हे तिला पक्कं माहीत झालंय. आधी ते विसरायला लावावं लागेल."

गोजराबाई दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बाय, किती गेला?"

"काय?"

"मी घालवला तो. तिच्या हातातला. किती गेला?"

स्वातीला काहीतरी बरं वाटेल असं बोलता आलं असतं. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "या वयात मेंदू जेवढं ऐकतो तेवढं नंतर ऐकत नाही. बरंचसं अजून मिळेल. पण या दिवसांत नेमकं काय मिळालं असतं, ते आता कुणालाच मोजता येणार नाही. मलाही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाईने नीलेशचा जुना शर्ट चढवला आणि चारुताच्या हातातलं फडकं घेऊन स्वतःच्या डोक्याला बांधलं.

"तू घरी थांब. तोडा मी करते."

"तुमचे गुडघे," चारुता म्हणाली. त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरतंच बोलत होती.

"बसून करीन. सरकत सरकत."

चारुताने आणखी नको म्हटलं नाही. आणि यापुढे पोरीला माझ्यावर सोपवा असं म्हणायची सोय गोजराबाईला राहिली नव्हती. जे काम उरलं होतं ते हेच.

दुपारी ती सरीत एकटी होती. पैरेकरणी जेवायला गेल्या होत्या. ती दोन्ही हातांनी तोडत होती, डावा पुढे, उजवा मागून. ऊन मानेवर होतं. बोटांची जळजळ मनगटापर्यंत आली होती. अर्धा क्रेट भरला तेव्हा घरातून तानीचा आवाज आला.

"आजी! आजी, सोड ना!"

आईला नाही, तिलाच हाक मारत होती. गोजराबाईने ओठ आवळले. रडणं वाढत गेलं, किंचाळण्यापर्यंत गेलं. तिने मिरच्या देठासकट ओरबाडल्या, एक फांदी मोडली.

आणि मग ते एकदम थांबलं.

गोजराबाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभी राहिली. घर दिसत होतं, दार बंद होतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. पोर उजव्या हाताने काही उचलायला लागली असेल का? की चारुताच्याही काळजाचं पाणी होऊन नाडी सुटली असेल? अशी शांतता कशी तयार होते, ते या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

ती उन्हात तशीच उभी राहिली, कान देऊन. पोरीने पुन्हा रडावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

बऱ्याच वेळाने दाराआडून तानीचा आवाज आला. थकलेला, रडका, चिडलेला. त्यामागोमाग चारुताचा, न चढलेला, एकसारखा.

गोजराबाई खाली बसली आणि पुढच्या झाडाकडे सरकली.